मार्गे कडेगाव

सांगली,
९ जानेवारी २०२५

तात्यामामा,

तुम्हाला नि मामीला नमस्कार. फोनवर तुम्ही नुसतं "बरं बरं" म्हणत राहता आणि मागून मामी सांगते की यांना एक अक्षर ऐकू आलेलं नाही. म्हणून सरळ पत्र लिहायला घेतलंय. आमच्या ऑफिसातला झिशान म्हणाला, पोस्टाची पेटी कुठे असते ते तरी माहीत आहे का तुला. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशीच निघाली.

मामा, मला असं काम मिळालंय की जेवताना पण डोक्यात तेच चालू असतं. परदेशातल्या एका शहरातल्या मेट्रोचं तिकिटाचं कार्ड आहे. ते भाडं बरोबर कापतं की नाही हे तपासायचं काम आमच्या सांगलीच्या नऊ जणांकडे आलंय. प्रवासी पहिल्या स्टेशनच्या दारात कार्ड मशीनला टेकवतो, उतरल्यावर पुन्हा टेकवतो, की झालं. मधे तिकीट विचारायला कुणी येत नाही. म्हणजे तुमच्यासारखा कंडक्टर गाडीत नाहीच, असं समजा.

घोळ इथेच आहे. त्याच दोन स्टेशनांमध्ये जायला दोन वाटा आहेत. एक शहराच्या मधून जाते, ती जवळची पण महाग. दुसरी बाहेरून वळसा घालून जाते, ती लांबची पण स्वस्त. कार्ड तर फक्त दोन टोकांना टेकवलेलं. मग माणूस कोणत्या वाटेनं आला ते मशीनला कळणार कसं? सध्याचा नियम असा, की बहुतेक लोक मधून जातात, म्हणून सगळेच मधून गेले असं धरायचं.

त्यावर एका बाईंची तक्रार आलीय. आम्हाला नाव कळत नाही, कार्डाचे शेवटचे आकडे तेवढे दिसतात, ४४७१. ऑफिसांची झाडलोट करतात त्या. त्यांनी लिहिलंय, "मी रोज बाहेरच्या वाटेनं येते आणि तुमचं मशीन रोज म्हणतं की मी मधून आले. म्हणजे रोज मी खोटी ठरते." हे वाचल्यापासून मला चैन पडत नाहीये.

वीस फेब्रुवारीला त्या मेट्रोच्या लोकांपुढे उपाय मांडायचाय आणि मांडायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्यांदाच. उपाय पटला तर काम सांगलीत राहील. नाही पटला तर ते बंगळुरूच्या ऑफिसला जाईल आणि आम्ही नऊ जण घरी बसू. तर सांगा, एसटीत तुम्हाला कसं कळायचं, कोण कोणत्या वाटेनं आलं ते?

तुमची
स्वप्नाली


दहिवडी,
१५ जानेवारी २०२५

चि. स्वप्नाली,

पाकीट बघून तुझी मामी घाबरली, कुणाचं काय झालं म्हणून. मी वाचून हसायला लागलो तेव्हा आणखी घाबरली. आता दोघंही ठणठणीत आहोत.

पोरी, तू मला रिटायर झाल्यावर बारा वर्षांनी ड्युटीवर घेतलंस. परवापासून मी अंगणात फेऱ्या मारतोय. आमच्या तानाजीच्या जुन्या वहीत तुझ्या त्या शहराचा नकाशा काढलाय, मला कळला तसा. मधली वाट लाल, बाहेरची हिरवी. बघायला शेजारचे नाथाजी पण आले होते. त्यांना काही कळलं नाही, पण चहा घेऊन गेले.

गाडीच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं सांगली–सातारा. ते सगळे वाचतात. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं मार्गे इस्लामपूर, नाही तर मार्गे विटा, कडेगाव. शहाणा प्रवासी ते आधी वाचतो. तुझ्या मशीनला वरची ओळ वाचता येते, खालची येत नाही. एवढीच गोष्ट आहे.

उत्तर मला माहीत आहे, पण आत्ता सांगणार नाही. तू एकदा चुकल्याशिवाय तुला ते पटायचं नाही. लहानपणी बैलपोळ्याला चुलीवरची कढई गरम आहे म्हणून तुला चार जणांनी सांगितलं होतं, तरी तू हात लावलासच.

तर ऐक. सव्वीस तारखेला रविवार आहे. आमचा तानाजी आणि सूनबाई सोनिया साताऱ्याच्या स्टँडवरून एकाच वेळी निघतील, वेगवेगळ्या गाड्यांनी. एक जण कराड–इस्लामपूरमार्गे, एक जण विटा–तासगावमार्गे. तसंही सोनियाला तिच्या बहिणीकडे सांगलीला यायचंच आहे. तू स्टँडवर थांबायचं आणि कोण कोणत्या वाटेनं आलं ते न विचारता सांगायचं. दोघांना मी ताकीद दिलीय, वाटेत काही खरेदी करायची नाही आणि तोंड उघडायचं नाही.

तुझा
तात्यामामा


सांगली,
२७ जानेवारी २०२५

तात्यामामा,

हरले. सपशेल हरले, आणि इतकी खूश कधी नव्हते.

झिशान माझ्यासोबत स्टँडवर आला होता. आम्ही वेळेवरून ओळखायचं ठरवलं होतं. लवकर पोचला तो जवळच्या वाटेनं, उशिरा पोचला तो लांबच्या. साधा हिशेब. सोनियावहिनी आधी उतरल्या. त्यांनी मला जवळ घेतलं, कशी आहेस विचारलं आणि पिशवीतून मूठभर बेदाणे हातावर ठेवले. मी ते खाल्ले. खाता खाता घड्याळ बघितलं आणि छाती पुढे काढून सांगितलं, वहिनी, तुम्ही इस्लामपूरमार्गे आलात.

झिशान खाली बसून हसायला लागला. त्याचं सगळं आयुष्य मिरजेत गेलंय. तो म्हणाला, बेदाणा तोंडात आहे आणि तुला तासगाव दिसंना? वहिनी लाजल्या. म्हणाल्या, आवं, मामंजींनी ताकीद दिली व्हती, पन तासगावच्या स्टँडात गाडी दहा मिनिटं थांबली, मग राहवलं न्हाई.

तानाजीदादा पन्नास मिनिटांनी आला. सुट्टीची गर्दी आणि कराडच्या पुढे इस्लामपूरच्या रस्त्याचं काम, त्यात त्याची गाडी अडकली होती. जवळच्या वाटेनं येऊन तो मागे राहिला. म्हणजे वेळेवरून काही ठरवता येत नाही. पण वाटेत काहीतरी हाताला लागलं असेल, तर वाट कळते. मामा, हेच ना उत्तर?

रात्रभर नाही, पण संध्याकाळी सात वाजेपर्यंत आम्ही ऑफिसात बसलो, रविवार असून. दोन्ही वाटांवर मधे एकेका स्टेशनात गाडी बदलावी लागते. दोन्हीकडे एकेक छोटं मशीन लावायचं, वेगवेगळ्या रंगाचं. तिथे कार्ड टेकवलं की त्या वाटेची खूण पडली, आणि भाडं त्या वाटेचं. हाच आमचा बेदाणा.

आमचे वरिष्ठ वीरधवल सर, त्यांनाही पटलं. त्यांनी एकच कलम वाढवलंय. ज्याच्या कार्डावर कुठलीच खूण नाही, तो मधूनच आला असं धरून महाग भाडं घ्यायचं. विसरला तर त्याची चूक. मला ते बरोबर वाटतं. तुम्हाला?

तुमची (चुकलेली)
स्वप्नाली


दहिवडी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नाली,

बरोबर ओळखलंस. एसटीत त्याला एंट्री म्हणतात. मोठ्या स्टँडवर गाडी लागली की कंडक्टर खाली उतरतो, कंट्रोलरच्या खिडकीपाशी जाऊन गाडीची नोंद करतो, मगच गाडी पुढे निघते. त्या नोंदी बघितल्या की गाडी कुठून कशी आली ते डेपोत बसून कळतं. विट्याची नोंद असेल तर विट्यावरून आली. वाद नाही.

आता मशीन कुठे लावायचं ते. कुठेही लावलं तर माणूस विसरणार. एका स्टँडवर मी बघितलंय, एंट्रीची खिडकी मागच्या बाजूला होती तेव्हा निम्मे कंडक्टर विसरून पुढे जायचे. मग ती चहाच्या टपरीशेजारी आली, आणि एकही विसरला नाही. माणसाचे पाय आपोआप जिथे थांबतात तिथे मशीन लाव. दुसऱ्या गाडीची वाट बघत जिथे लोक उभे राहतात तिथे, जिन्याच्या पायथ्याशी नाही.

सरांनी घातलेलं कलम काढून टाक.

तात्यामामा


सांगली,
७ फेब्रुवारी २०२५

तात्यामामा,

मशीन कुठे लावायचं ते इतकं बरोबर सांगितलंत की मी ते तसंच्या तसं मांडणीत घातलंय. सरांनी विचारलं, हे कुणी सुचवलं. मी म्हटलं, आमचे दहिवडीचे सल्लागार.

पण कलम का काढायचं ते लिहिलं नाहीत. पत्र पण एवढंसं. माझं काही चुकलं का? परीक्षेत नापास झाले म्हणून रागावलात की काय?

सर म्हणतात, खूण नसलेल्याला स्वस्त भाडं लावलं तर लबाड लोक मधून जातील आणि खूण न करता पैसे वाचवतील. मलाही तेच वाटतं. आणि खरं सांगू, हे कलम काढायला तुम्ही सांगाल असं वाटलंच नव्हतं. घरात सगळे अजून सांगतात की तात्याबाच्या गाडीत फुकट्या कधी बसला नाही. लहानपणी मी मैत्रिणींना हीच गोष्ट सांगायचे, फुशारकीनं. तेव्हा कारण कळवा. कारणाशिवाय मला सरांपुढे उभं राहता येणार नाही. तेरा दिवस राहिलेत.

तुमची
स्वप्नाली


दहिवडी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नाली,

रागावलो नाही. तू जी फुशारकी मारायचीस, तिच्यामुळे पत्र आखडतं घेतलं होतं. कारण मागितलंस, म्हणून लिहितो. तुझ्या मामीलाही हे माहीत नाही.

१९९६ साल. उन्हाळ्याचे दिवस. सांगलीहून साताऱ्याला दोन गाड्या यायच्या, एक इस्लामपूरमार्गे आणि एक विटा–कडेगावमार्गे. त्या दिवशी दोन्हीत माणसं थोडी होती, म्हणून कराडला सगळ्यांना एकाच गाडीत बसवलं आणि तिथून पुढे ड्युटी माझी होती. मी तिकिटं तपासायला लागलो. मधल्या बाकावर एक बाई होती, मांडीवर बांगड्यांची पेटी. मेहरुनबी नाव, ते मला नंतर कळलं. तिला तिकीट सापडेना. ती म्हणाली, "मी कडेगावास्नं आले मास्तर. तिकीट काडलंया, हितंच कुटंतरी आसंल."

मी म्हटलं, बांगड्यांचा माल मिरजेहून येतो. बांगडीवाल्या सगळ्या सांगलीहून इस्लामपूरमार्गे येतात, तू पण तिकडूनच आलीस. सांगलीपासूनचं भाडं आणि वर दंड भर. तिच्याकडे तेवढे पैसे नव्हते. तिनं तीन वेळा सांगितलं, कडेगाव. गाडीतली माणसं बघत होती. मी कडक कंडक्टर म्हणून माझं नाव होतं. मी उंब्रजच्या फाट्यावर घंटी मारली आणि तिला पेटीसकट खाली उतरवलं.

अतीत गावाच्या पुढे गेल्यावर बाकाच्या फटीत मला तिकीट दिसलं. टप्प्यांच्या आकड्यांवर भोकं पाडलेली होती. कडेगाव ते सातारा. ती खरं बोलत होती.

गाडी वळवता आली नसती, हे खरं आहे. पण पुढच्या आठवड्यात कडेगावच्या स्टँडवर ती मला दिसली आणि तेव्हा मी खाली उतरू शकलो असतो. उतरलो नाही. माझी गाडी लागली की ती मागे सरायची आणि पुढची गाडी येईपर्यंत थांबायची. एकदा नाही, मी रिटायर होईपर्यंत. सोळा वर्षं मी दारात उभा राहून ते बघितलं.

मला तरी तोंड होतं गं, विचारायला. कान होते तेव्हा, ऐकायला. तरी मी बहुतेक जण येतात त्या वाटेनं ती आली असं धरलं. तुझ्या मशीनला तर तेही नाही. ज्याची वाट आपल्याला माहीत नाही, त्याला खोटं धरायचं नाही. दहा लबाड फुकट गेले तरी चालतील, त्यानं माझ्यासारखी कुणाची झोप जात नाही.

तिकीट सोबत पाठवतोय. वाटलं तर दाखव.

तात्यामामा


सांगली,
२१ फेब्रुवारी २०२५

तात्यामामा,

आधी निकाल, कारण तुम्ही पाकीट फोडून उभ्या उभ्याच वाचणार. काम सांगलीत राहिलं. नऊच्या नऊ जण इथेच. झिशाननं सगळ्या ऑफिसला बेदाणे वाटले.

आता नीट सांगते. तुमचं पत्र मी सरांना वाचायला दिलं. ते वाचून झाल्यावर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, कलम काढ, पण विचारतील तेव्हा उत्तर तू द्यायचंस. काल पडद्यावर पलीकडे पाच जण होते. मधोमध एक वयस्क बाई, त्या विभागाच्या प्रमुख. मशीनची जागा त्यांना लगेच आवडली. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. खूण नसलेल्याला स्वस्त भाडं का? लबाडांचं काय?

मी तिकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. एवढासा कागद, पिवळा पडलेला, तीन भोकांचा. तुमचं नाव न घेता सगळं सांगितलं, उंब्रजच्या फाट्यापर्यंत. मग म्हटलं, तुमच्या ४४७१ नंबरच्या बाई रोज हेच सांगताहेत. त्यांना गाडीतून कुणी उतरवत नाही, एवढाच फरक.

मग त्या प्रमुख बाईंनी आपल्या माणसांना विचारलं, त्या प्रवाशाचं जादा गेलेलं भाडं परत दिलंय का. नव्हतं दिलं. आता देणार आहेत. सहा महिने दोन्ही वाटांवर एकेका स्टेशनात मशीन लावून बघायचं आणि खूण नसेल तर स्वस्त भाडं घ्यायचं, असं ठरलं. मी टेबलाखाली झिशानचा हात इतका जोरात दाबला की तो ओरडला.

पण मामा, बंद करताना त्या बाईंनी मला विचारलं, त्या बांगड्यावाल्या बाईचं पुढे काय झालं? कळवते म्हणाले.

झिशानची एक मावशी कडेगावला असते. त्यानं काल तिला फोन करून विचारलं. मेहरुनबी आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, स्टँडसमोर त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, नातसून समीना चालवते. तिकीट परत पाठवतेय. ते माझ्याकडे ठेवायचं नाही आणि तुमच्याकडेही नाही. उत्तर तेवढं आणून द्या.

तुमची
स्वप्नाली


दहिवडी,
५ मार्च २०२५

चि. स्वप्नाली,

उत्तर आणलंय.

आधी मामीला सगळं सांगितलं. तिनं उठून माझा पांढरा सदरा इस्त्री करायला घेतला. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघालो. काय बोलायचं ते चार वेळा घोकलं होतं. कडेगावच्या स्टँडवर उतरलो आणि सगळं विसरलो.

दुकान समोरच. ती आत गादीवर बसली होती. केस पांढरे, बाकी तशीच. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. तिनं मला बघितलं आणि लगेच ओळखलं, ते मला कळलं. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू येईना. मी कानाकडे हात केला, तशी ती मोठ्यानं ओरडली, "कुटल्या वाटंनं आलासा? मायनीवरनं का पुसेसावळीवरनं?"

मी म्हटलं, मायणीवरनं. तिनं मान डोलावली. खरं धरलं.

मग मी खिशातून तिकीट काढून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, हे मला त्याच दिवशी सापडलं, तू खरं बोलत होतीस, माझं चुकलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. स्टँडावरची माणसं सुद्धा वळून बघत होती म्हणे. बघू देत, त्या दिवशीही गाडीभर माणसांसमोरच बोललो होतो.

तिनं तिकीट उजेडाकडे धरलं, भोकांतून बघितलं. मला वाटलं रडेल, नाही तर हाकलून देईल. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मी त्या दिशी मागच्या गाडीनं ग्येले. लगीनघरच्या समद्या बायांस्नी बांगड्या भरल्या, जेवून आले. तुमी मातर अजून त्या फाट्यावरच हुबं हायसा. बसा आता."

मी बसलो. समीनानं चहा आणला. मी धीर करून विचारलं, मग सोळा वर्षं माझी गाडी बघून मागे का सरायचीस? तिनं सरळ सांगितलं, पयली दोन वर्सं रागानं, मग नुसती सवय लागली. आणि स्वतःच हसायला लागली. मलाही हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी पण आलं, दोन्ही एकदमच.

तुझ्या त्या परदेशातल्या बाईंना कळव, की ती मागच्या गाडीनं गेली आणि वेळेत पोचली.

तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कराडला जायचं होतं. समीना सोबत जाणार होती. मी म्हटलं, मी तिकडूनच साताऱ्यावरून दहिवडीला परत जातो, मी नेतो. ही लांबची वाट, पण त्या दिवशी मला तीच हवी होती. गाडी आली. मी दाराशी थांबून बघत होतो. ती मागे सरली नाही. माझा हात धरून चढली.

कंडक्टर तरणा पोरगा होता. मशीन घेऊन आला आणि विचारलं, आजी, कुठून? ती म्हणाली, कडेगाव. त्यानं आणखी काही विचारलं नाही. पंचाहत्तरीच्या वरच्यांना आता प्रवास फुकट आहे, पण शून्य रुपयांचं का होईना, तिकीट देतात. त्यानं ते फाडून तिच्या हातावर ठेवलं. तिनं एकदा बघितलं आणि माझ्यापुढे धरलं. माझ्या कानाशी येऊन, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"ह्ये तुमीच सांभाळा. तुमाला सवय हाय."

तुझा
तात्यामामा